डबा घेण्याआधी पंखा बदला
(वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं)

मे महिना लागला की माझ्याकडे एकाच छापाचे प्रश्न येतात. काका, तो सोलरवाला डबा घेऊ का? ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे लिथियम बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर असं सगळं एकाच पेटीत, वर उचलायला हँडल, पुढे सॉकेट आणि सोलर पॅनेलची तार खोचायला एक भोक. मी त्याला डबाच म्हणतो, तुम्हीही म्हणा.

माझं इंदूरला रामबागेत इन्व्हर्टर रिपेअरिंगचं दुकान होतं. २००० साली मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं तिकडे गेली आणि इकडे जी विजेची कटौती सुरू झाली त्यात मला दुपारचं जेवायला फुरसत नसायची, २००३ ची निवडणूक तर बिजली-सडक-पानी ह्यावरच झाली हे तुम्हाला आठवत असेल. आता तसं काही राहिलं नाही. आता काय, पावसाळ्याआधीचा मेंटेनन्स निघतो, नाहीतर वादळात तारेवर फांदी पडते, दोन-तीन तास जातात आणि लाइट येते. तेव्हाची गरज वेगळी होती, आताची वेगळी, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

काका नमस्कार, आम्ही सुदामानगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालक इन्व्हर्टरची वायरिंग करू देत नाहीत. मुलगी यंदा बारावीला, लाइट गेली की गरमीने अभ्यास होत नाही. १००० वॅटचा डबा पाहिलाय, त्यावर दोन सिलिंग फॅन, लाइट, वायफाय आणि लॅपटॉप तीन तास चालेल का?

ताई, आधी एक चूक दुरुस्त करू. १००० वॅट म्हणजे किती वेळ चालेल ते नाही. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्यामुळे टाकीचा हिशोब इंदूरवाल्याला शिकवायला लागत नाही (आणि ते पाणीसुद्धा तिकडे नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने चढवून आणतात, म्हणजे तेही शेवटी विजेवरच). तर वॅट म्हणजे नळ केवढा जाड आहे ते, आणि वॅट-अवर म्हणजे टाकी केवढी आहे ते. दुकानदार नळाचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितो, टाकीचा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. तुम्ही मागचा आकडा बघायचा.

दुसरी गोष्ट जी डबा घरी आल्यावरच लोकांच्या लक्षात येते आणि मग मला फोन येतो: सिलिंग फॅनला प्लग कुठे असतो? तो तर छतातून सरळ वायरिंगला जोडलेला. डब्याला सॉकेट असतात, त्यात प्लग जाणार, आणि घरमालक भिंतीला हात लावू देत नाहीत म्हणजे सिलिंग फॅन विसरा. टेबल फॅन किंवा स्टँडवाला घ्या.

आता हिशोब. साधा टेबल फॅन साधारण ५५ वॅट, दोन म्हणजे ११०. प्लगवाले दोन एलईडी दिवे ९-९ वॅटचे, १८. राउटर १० धरा. लॅपटॉप ६०. झाले अंदाजे २०० वॅट, तीन तासांचे ६०० वॅट-अवर. पण डब्यातला इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, त्यामुळे १०० भरले तर हातात ८५ च्या आसपास येतात, म्हणजे ६०० हवे असतील तर डबा ७०० चा हवा. बरोबर?

आता गंमत बघा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, तो आधीच फुल चार्ज ठेवला तर हिशोबातून गेला. आणि साध्या पंख्याऐवजी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस) मोटरचा स्टँड फॅन घेतला तर तो ३५ वॅटच्या आसपास खातो, दोनचे ७०. मग एकूण ९८, म्हणजे १०० च धरा, तीन तासांचे ३००, आणि डबा लागला ३५० चा. अर्धी टाकी! पंख्यांना जास्त मोजाल ते डब्यात वाचतात, शिवाय उरलेले ३६४ दिवस लाइट असतानाही बिल कमी. म्हणून मी प्रत्येकाला म्हणतो की डबा घेण्याआधी पंखा बदला, दुकानदार हे सांगत नाही कारण त्याला मोठा डबा विकायचाय, आणि त्याचंही बरोबरच आहे, मीही दुकान चालवलंय.

थोडी सैल टाकी असावी म्हणून तुम्ही ५०० वॅट-अवरच्या आसपासचा बघा. फक्त दोन अटी. आतली बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची हवी, ज्याला बाजारात एलएफपी म्हणतात. ती दोन-तीन हजार वेळा भरली-रिकामी केली तरी बऱ्यापैकी टिकते आणि गरमीत जास्त शांत असते. दुसरी अट, आउटपुट प्युअर साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखं गुळगुळीत हवं, नाहीतर पंखा घूं घूं करतो आणि मोटर तापते.

वायफायबद्दल एक सांगून ठेवतो. तुमचा राउटर चालू राहील पण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप नसेल तर नेट तसंही जाणार. आधी एकदा लाइट गेल्यावर शेजारच्या इन्व्हर्टरवाल्यांकडे नेट चालतं का विचारा. नुसता राउटरच चालवायचा असेल तर त्याचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो, त्याला डबा कशाला.

भिया, महारानी रोडवर एक जण ८०,००० एमएएचचा डबा देतोय, म्हणतो पूर्ण घर चालेल. घेऊ का? (मालवा मिलजवळून)

८०,००० ला ३.७ ने (साध्या लिथियम सेलचे व्होल्ट) गुणा, हजाराने भागा. आले २९६ वॅट-अवर. दोन टेबल फॅन दोन-सव्वादोन तास. ज्याचं घर एवढंच आहे त्याचं पूर्ण घर चालेल. एलएफपी असेल तर ३.२ ने गुणायचं, म्हणजे अजून कमी. एमएएच (मिलिअँपिअर-अवर) हा मोबाइलच्या पॉवर बँकेचा आकडा आहे, मोठा दिसतो म्हणून छापतात. वॅट-अवर लिहिलेला नसेल आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्काही नसेल तर पुढच्या दुकानात जा.

मुलगा अमेरिकेत आहे, दिवाळीला येतोय. त्याच्याकडे १००० वॅट-अवरचा चांगल्या कंपनीचा डबा आहे, म्हणतो बाबा मी येताना घेऊन येतो. काही अडचण? (एक ज्येष्ठ वाचक, लोकमान्यनगर)

काका, त्याला आजच फोन करा आणि नको म्हणा. प्रवासी विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत चालते, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, आणि १६० च्या वर असेल तर ना हातातल्या बॅगेत ना खालच्या सामानात. हा तर १००० चा. बिचारा तिकडच्याच विमानतळावर अडकेल, आपल्या अहिल्याबाई विमानतळापर्यंत तो डबा पोचणारच नाही.

आणि समजा कार्गोने आला, तरी तिकडची वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. त्याच्या सॉकेटमधून १२० च निघणार, त्यावर आपला पंखा रडतखडत फिरेल किंवा फिरणारच नाही, आणि भरताना आपल्या २३० मध्ये खोचला आणि त्याचा चार्जर तेवढं सोसणारा नसेल तर डब्याचा शेवट. फक्त यूएसबीवर मोबाइल चार्ज होतील. मुलाला म्हणा त्या पैशात इथेच घेऊन दे, वॉरंटी पण इथली मिळेल. प्रेमाने आणतोय हे खरं, पण मिक्सर आणून फसलेले लोक मी मोजू शकणार नाही इतके पाहिलेत.

विजयनगरला फ्लॅट आहे, बाल्कनी पश्चिमेकडे. १००० वॅट-अवरच्या डब्यासोबत १०० वॅटचं घडीचं पॅनेल मिळतंय. रोज फुकट चार्ज होईल ना?

फोटोत होतं. 😀

१०० वॅटचं पॅनेल भर उन्हात, सूर्याकडे नीट तोंड करून, पुसून ठेवलं तर ७०-७५ वॅट देतं. इंदूरला वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला पाचेक तास भर उन्हाइतकं ऊन मिळतं, म्हणजे मोकळ्या छतावर दिवसाचे साडेतीनशे-पावणेचारशे वॅट-अवर. तुमच्या बाल्कनीत ऊन दुपारनंतर येणार, त्यात वरच्या मजल्याचा स्लॅब आणि रेलिंगची सावली. सावलीचं गणित लोकांना कळत नाही, रेलिंगच्या एका गजाची पट्टी पॅनेलवर पडली तर तेवढाच तुकडा बंद होतो असं नाही, आतले सेल साखळीने जोडलेले असतात त्यामुळे मोठा हिस्सा बसतो. खिडकीच्या काचेमागे ठेवलंत तर अजून घट. तुम्हाला दिवसाचे दीडशे मिळाले तरी मी चांगलं म्हणेन, आणि त्या हिशोबाने डबा भरायला आठवडा.

आणि मला ह्या सगळ्यात खटकणारी गोष्ट ही की आपल्याकडे लाइट जास्त जाते ती कधी, तर वादळ-पावसात, आणि पॅनेल सगळ्यात कमी देतं ते कधी, तर तेव्हाच. जुलैत चार दिवस झड लागली की पॅनेल म्हणजे भिंतीला टेकवलेली पाटी. इंदूरमध्ये लाइट दोन-तीन तासांत परत येते, आली की डबा भिंतीच्या सॉकेटवर लावा, बहुतेक डबे दोन-चार तासांत भरतात आणि १००० वॅट-अवर भरायला युनिट-सव्वा युनिट वीज लागते, एवढंच बिल. पॅनेल कोणी घ्यावं? ज्याचं शेत महूच्या पुढे आहे आणि तिथे दिवसदिवस लाइट नसते त्याने. किंवा ज्याला हौस आहे त्याने, हौसेला मी नाही म्हणत नाही, माझ्याकडेही एक आहे.

घेणारच असाल तर मोकळ्या छतावर दक्षिणेकडे तोंड करून २०-२५ अंशाच्या कलाने ठेवा. पॅनेल उन्हात आणि डबा सावलीत, हे उलटं नको. मी स्वतः मागच्या मे मध्ये आळस केला, डबा पॅनेलच्या शेजारीच ठेवून खाली जेवायला गेलो, वर येऊन बघतो तर तापून बंद पडलेला आणि हँडल हातात धरवत नव्हतं. संध्याकाळी थंड झाल्यावर चालू झाला, पण असं पाच-सहा वेळा झालं की बॅटरीचं आयुष्य जातं. अजून एक, घरी उरलेलं मोठं छतावरचं पॅनेल छोट्या डब्याला जोडायचा मोह होतो. त्याचा उघडा (काही न जोडता मोजलेला) व्होल्टेज ४५ च्या आसपास असतो आणि छोट्या डब्याच्या इनपुटची मर्यादा कित्येकदा त्याच्या निम्मी. मर्यादेच्या वर गेलं की आतलं सर्किट जळतं, वॉरंटीत बसत नाही. दोन पॅनेल एकामागे एक जोडली तर व्होल्टेजची बेरीज होते हेही लक्षात असू द्या.

आमच्या छतावर सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, ७८,००० सबसिडी मिळाली. तरी लाइट गेली की घरात अंधार! वर ऊन रणरणतंय आणि खाली पंखा बंद. फसवलं का आम्हाला? ओळखीचा एक वायरमन म्हणतो दोन्हीकडे प्लग असलेली वायर बनवून देतो, डबा घ्या आणि कुठल्याही सॉकेटमध्ये लावा, सगळं घर चालेल.

फसवलं नाही, पण नीट सांगितलंही नाही. तुमचं सिस्टिम ऑन-ग्रिड आहे, ती सबसिडी ग्रिडला जोडलेल्या सोलरचीच आहे. त्याचा इन्व्हर्टर बाहेरची लाइट बघून त्याच्या तालावर चालतो, बाहेरची गेली की तो मुद्दाम बंद होतो. कारण असं की नाही झाला तर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल, आणि खांबावर चढलेला लाइनमन समजतोय की लाइन बंद आहे.

आता तो वायरमन जे सांगतोय ते अगदी तसंच आहे, फक्त डब्याने. कृपा करून करू नका. त्या वायरचा एक प्लग डब्यात लावला की दुसऱ्या प्लगच्या उघड्या पिना २३० व्होल्टच्या, घरात लहान मूल असेल तर विचार करा. मेन बंद करायचा विसरलात तर डबा सगळ्या मोहल्ल्याला वीज द्यायला निघेल, तो लगेच ट्रिप होईल किंवा जळेल, आणि लाइनमनचं मी वर सांगितलंच. वर तुमचा छतावरचा इन्व्हर्टर डब्याची वीज बघून समजू शकतो की लाइट आली, आणि तो आपली वीज डब्यात ढकलायला लागला तर डब्याचं काय होईल ते मी बोलत नाही. ह्या वाक्यानंतर त्या वायरमनला घरी बोलावू नका.

योग्य रस्ते दोन. खर्च करायची तयारी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, तो लाइट गेल्यावर घर ग्रिडपासून तोडून मग चालवतो, पण हे ज्यांनी सोलर बसवलंय त्यांना विचारूनच. नाहीतर दिवसा लाइट असताना डबा भरून ठेवा, ती तुमचीच सोलरची वीज, आणि रात्री लाइट गेली की पंखा-दिवा थेट डब्याच्या सॉकेटला लावा, भिंतीच्या नाही.

सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. लाइट जास्त वेळ गेली तर? फ्रीजसाठी डबा घ्यावा का? (नारायणबाग)

फ्रीज बंद ठेवला, वारंवार उघडला नाही, तर चारेक तास थंडावा टिकतो. तेवढ्यासाठी डबा नको. फ्रीज चालताना १००-१५० वॅट खातो पण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे ५०० वॅटचा डबा फ्रीज लावला की टुक करून बंद पडतो आणि लोकांना वाटतं खराब निघाला. इन्सुलिनसाठी आपलं जुनं मडकं आहेच: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं, आणि ते वाऱ्याला. इन्सुलिन बर्फाला टेकवून ठेवू नका, गोठलं की वाया गेलं. सध्या वापरात असलेली बाटली किंवा पेन किती दिवस बाहेर चालतं ते प्रत्येकाचं वेगळं, पाकिटातल्या कागदावर असतं, मेडिकलवाल्यालाही विचारा.

आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहे, ५ लिटरचं मशीन. १००० चा डबा घेतला तर निश्चिंत राहता येईल का?

नाही. इथे मी गंमत करणार नाही. तुमचं मशीन साधारण ३५० वॅट घेतं, १००० च्या डब्यातून हाती येतात ८५०, म्हणजे अडीच तासांच्या आतच. वादळात लाइट रात्रभर गेली तर? घरात भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि तो लावता येणारी घरातली दोन माणसं, हे आधी. डॉक्टरांनाही विचारून ठेवा की लाइट गेल्यावर किती लिटरवर ठेवायचं. डबा त्याच्यानंतर आणि वेळ काढण्यापुरता, तोही मशीनच्या वॅटच्या दुप्पट-अडीचपट आउटपुटचा आणि यूपीएस मोडवाला, म्हणजे लाइट जाताच तो काही मिलिसेकंदात स्वतः ताबा घेतो, कोणी अंधारात धावत जाऊन प्लग बदलायची गरज नाही.

मग काका इन्व्हर्टर वाईट झाला का? आमच्याकडे १५० एएचची (अँपिअर-अवरची) ट्युबुलर बॅटरी आहे, मुलगा म्हणतो फेका आणि डबा आणा.

फेकू नका! १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, पार तळाशी ओढत नाही म्हणून हजार-बाराशे वापरायचे धरा. तेवढ्याचा डबा बराच महाग पडेल, आणि तुमच्या इन्व्हर्टरवर सिलिंग फॅन जोडलेले आहेत, लाइट गेली तर कोणी उठायला लागत नाही. स्वतःचं घर, वायरिंग झालेली, तर इन्व्हर्टरच. डिस्टिल्ड वॉटर बघत राहा, बॅटरी हवेशीर जागी ठेवा कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो, देवघरात समईशेजारी ठेवलेली मी पाहिलीय. डबा कोणासाठी, तर भाडेकरू, हॉस्टेलची मुलं, छोटा फ्लॅट जिथे साठ किलोची बॅटरी ठेवायला जागा नाही, आणि ज्याला तो उचलून गाडीत घालून न्यायचाय.

बॅटरी मेल्यावर मात्र, लेड-अॅसिड असो की लिथियम, कचरागाडीच्या सुक्या कचऱ्यात लपवून टाकू नका. लिथियम गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्या-आणणाऱ्या कंपन्यांवर आहे, दुकानात परत द्या. डबा फुगलेला दिसला, गोडसर रसायनासारखा वास आला, तर चार्जिंग बंद, घराबाहेर मोकळ्या जागी. आणि डबा नुसता पडून असेल तर निम्म्याच्या आसपास भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बघा, शून्यावर ठेवून उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गेलात तर परत आल्यावर चालू होईलच असं नाही.

आमच्या कॉलनीच्या बागेत गणपती बसतो, लांबून वायर ओढावी लागते. आरतीपुरता डबा चालेल का?

चालेल की, ह्याच्यासाठी तर तो मस्त! एलईडीच्या दहा माळा, एक छोटा स्पीकर, दोन दिवे, सगळं मिळून दीडशे वॅटच्या आत, दोन तासांचे तीनशे. ५०० चा डबा भरपूर. कोणा एका घरी दुपारी भरायचा, संध्याकाळी आणायचा. फक्त जमिनीवर ठेवू नका, भाद्रपदात पाऊस येणारच आणि मांडवात पाणी घुसतं, स्टुलावर ठेवा आणि वर प्लास्टिक टाका पण बाजूची जाळी झाकू नका, त्यातून गरम हवा बाहेर पडते. पोरांना सांगून ठेवा की त्याच्यावर कोणी प्रसादाचं ताट ठेवायचं नाही, गेल्या वर्षी आमच्याकडे पंचामृत सांडलं होतं आणि एक सॉकेट अजून चिकट आहे.